हाक मारून बघ

तुझी नावांची यादी मिळाली. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी आणि प्रत्येक नावापुढे अर्थ. काल जेवणं आवरल्यावर एकेक नाव मोठ्यानं म्हणत बसले होते. बरीचशी छान आहेत गं. पण काहींच्या पुढचा अर्थ वाचून हातात पेन्सिल घेतली, आणि आता सविस्तर लिहायलाच बसलेय. फोनवर हे नीट बोलून होत नाही, मागे तुझ्या थोरलीचा दंगा चालू असतो.

'आरव'पुढे तू 'शांत, सुरेल' असं लिहिलंयस. हे मोबाइलवरून उतरवलेलं दिसतंय. आरव म्हणजे आवाज, गलका, ओरडा. पहाटे कोंबडा आरवतो ना, त्याच घरातला हा शब्द. नाव ठेवायचं असेल तर खुशाल ठेव, पण 'शांत' म्हणून ठेवू नकोस. उद्या लेकरू शाळेत मराठी शिकेल आणि घरी येऊन विचारेल. 'अनय' मात्र यादीतून काढून टाक. त्याच्यापुढे 'ज्याच्या वरचढ कुणी नाही' असं तू लिहिलंयस. नय म्हणजे नीती, योग्य वागणं. अनय म्हणजे अनीती, अन्याय. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशात बघ, साधं आहे. आणि 'तृष्णा' ऐकायला गोड वाटलं तरी ती तहान आहे, हाव आहे. शेवटी 'अंश' जोडलेली जी चार-पाच नावं आहेत, त्यांतल्या एकदोन नावांचा आधीचा भाग कुठल्याच कोशात भेटत नाही. अंश लावला की शब्द संस्कृत होत नाही. मोबाइलवर एकानं काहीतरी छापलं की बाकीचे तेच उचलतात. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या शाळेत संस्कृत शिकवणारे कुणी असतील त्यांना यादी दाखव. त्यांना आनंदच होईल.

पण कोश उघडून घाबरून जायचंही काही कारण नाही. 'शिवा' बघशील तर पार्वती दिसेल, मंगल दिसेल आणि त्याच नोंदीत खाली कोल्हीही दिसेल. म्हणून काय शिवा नाव टाकायचं? शब्दाला अर्थ अनेक असतात, माणसं त्यातला एक धरून चालतात. कुठला धरतात ते आधी माहीत हवं, एवढंच.

इतकी वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर काढली, त्यामुळे नाव म्हटलं की मला हजेरीच दिसते. कोशातल्या अर्थाचा त्रास झालेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. त्रास होतो तो आवाजाचा. माझ्या वर्गात एक विहान होता. विहान म्हणजे पहाट, किती सुंदर नाव. शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला नसेल, पोरांनी त्याची 'वहाण' केली. आमच्याकडे चपला वर्गाच्या दाराबाहेर काढतात. हा सगळे आत गेल्यावर शेवटी यायचा, चपला काढून भिंतीकडे सरकवायचा आणि खाली मान घालून जागेवर बसायचा. का ते कळायला मला थोडा वेळ लागला. मग मी एक तास फक्त नावांचा घेतला. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, कुणी ठेवलं ते सांगायचं आणि अर्थ आपण सगळ्यांनी मिळून शोधायचा. पहाट कशी होते हे त्यालाच फळ्यावर काढायला लावलं. त्यानंतर चिडवणं थांबलं. चिडवायला पोरांना काहीही पुरतं, त्या भीतीनं चांगलं नाव सोडू नकोस. पण जे उघड दिसतंय तिथं डोळेझाकही करू नकोस. आपल्याकडे कुठलंच नाव अखंड राहत नाही. गणेशचा गण्या होतो, प्रमोदचा पम्या होतो. तुझ्या यादीतल्या 'पद्मनाभ'चा मैदानावर पद्या होणार, आणि पद्याचं पुढे काय होतं ते तुला मी सांगायला नको.

म्हणून सांगते, नाव कागदावर बघू नकोस, हाक मारून बघ. गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलाला मारतात तशी मार. रागावून मार, लाडानं मार, घाईत मार. हजेरीसारखं आडनावासकट म्हण. त्यात आता नवीन भर आहे. राज्य शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे. मला हे मनापासून आवडलंय. तू नऊ महिने पोटात वाढवायचं आणि दाखल्यावर तुझा पत्ता नाही, हे किती काळ चाललं! तर हे चारही शब्द एका दमात म्हणून बघ. आडनावाशी नाव भांडत नाही ना तेही बघ. आडनाव कडू असेल तर मधुरा, आंधळे असेल तर सुनयना, अशी जोडी करू नये. मोठ्यांना त्यात गंमत वाटते, निभवावं लागतं पोरीला.

'शनाया'वर तू प्रश्नचिन्ह टाकलंयस, ते बरोबर आहे. 2016 मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली, आणि दुसरीच्या संसारात शिरणारी बाई म्हणजे शनाया हे घरोघरी पक्कं झालं. त्याआधी जन्मलेल्या शनाया तेव्हा बालवाडीत, पहिलीत होत्या. फाटकाशी उभ्या असलेल्या आया त्या नावावर एकमेकींकडे बघून हसायच्या आणि मुलीला काही कळायचं नाही. आता मालिका संपली, पुढच्या पिढीला ती आठवणारही नाही. 2010 मध्ये 'मुन्नी' आणि 'शीला' या दोन नावांची गाणी लागोपाठ आली, तेव्हा त्या नावाच्या बायकांना बसमध्ये, बाजारात काय ऐकावं लागलं ते आपण बघितलंय. त्या बायकांनी कुणाचं काही केलं नव्हतं. शीला म्हणजे शीलवान, तरी एका गाण्यानं ती खाली मान घालायला लागली. हे तुझ्या हातात नाही. 3 जून 2020 ला कोकण किनाऱ्यावर वादळ आलं, त्याचं नाव काय तर निसर्ग. श्रीवर्धन-दिवेआगरकडे ज्यांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, त्यांनी त्या वर्षी मुलाला 'निसर्ग' म्हणून हाक कशी मारायची? आणि आधीच मारत असतील त्यांनी काय करायचं? असल्या गोष्टी दहा वर्षं आधी कुणालाच दिसत नसतात. जे दिसतं तेवढं टाळायचं.

एकेका नावात माणसांची आठवण कशी बसते बघ. 'आनंदी' तू लाल पेनानं खोडलंयस, आणि खोडण्याचं कारणही मला कळलं. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा, नारायणरावांचा खून आणि 'ध'चा 'मा'. म्हणतात, 'धरावे'चं 'मारावे' राघोबादादांच्या आनंदीबाईंनी केलं. पण अगं, आनंदी त्या एकट्याच का? 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टरकीची पदवी घेतली त्या आनंदीबाई जोशी नाहीत का? त्या माहेरच्या यमुना. लग्नात नाव बदललं आणि बदललेल्या नावानंच साता समुद्रापलीकडे गेल्या. मला तर 'आनंदी' म्हटलं की त्याच दिसतात. खोडलेलं परत लिही. द्रौपदीचं तसंच. वस्त्रहरणाच्या भयानं काही घरांत हे नाव पाळण्यात घालत नाहीत, सीतेला वनवास म्हणून काही म्हाताऱ्या सीता ठेवू देत नसत. पण 2022 पासून राष्ट्रपती भवनात द्रौपदी आहे. उलटही होतं. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून एका घरात रामचंद्र नावाच्या मुलाचं नाक टोचलं, नथ घातली, मुलीसारखं वाढवलं. नथ घातलेला राम, नथुराम. किती धास्तीनं, किती मायेनं दिलेलं नाव असेल. 30 जानेवारी 1948 नंतर त्या नावातून ती माया कुणाला ऐकू येत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते. मागच्या फोनवर तू हसत हसत म्हणालीस, सासूबाई म्हणतात, दुसरीही मुलगीच झाली तर नाव 'पुरे' ठेवू. तू हसलीस, पण तुझा आवाज उतरला होता.

जुन्या माणसांनी मुद्दाम ओबडधोबड नावं ठेवली, हे आपण आजीकडून ऐकलंय. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा. एकामागून एक मुलं जायची. मग पुढचं झालं की त्याला सुपात घालायचे, कुणाच्या तरी ओटीत टाकून मूठभर धान्यावर विकत घ्यायचे, उकिरड्यावर टेकवून उचलून आणायचे. हे मूल काही मोलाचं नाही, ह्याला नेऊ नका, असं मृत्यूला भासवायचं. शब्द दगडाचा, पण त्यामागे आईचा जीव टांगणीला लागलेला. महर्षी कर्वे धोंडोच होते. स्त्रियांचं विद्यापीठ काढणाऱ्या माणसाचं नाव आज कुणी पाळण्यात घालणार नाही, तरी ते उच्चारताना हात जोडले जातात.

पण सगळीच ओबडधोबड नावं अशी मायेतून आली नाहीत. मनुस्मृतीत नावं कशी ठेवावीत ते सांगितलंय: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस वाटेल असं. म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच त्याला कुणी कोणत्या नजरेनं बघायचं ते ठरलेलं. कचरू, धोंड्या ही नावं पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर लादली गेली, त्यांच्या घरांत ती हाक रोज गावभर ऐकू जायची. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात तो ग्रंथ जाळला आणि 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नावंही बदलली. सिद्धार्थ, गौतम, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, राहुल. माझ्या हजेरीत दरवर्षी ही नावं असतात आणि ती वाचताना मला बरं वाटतं. त्यातला राहुल तर बघ. बौद्ध कथेत सिद्धार्थाला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा तो म्हणाला, बंधन जन्मलं; त्यावरून राहुल. त्या कथेच्या हिशेबानं हे नाव बापाला अडवणारं. पण ते ज्या मायेनं आणि मानानं ठेवलं गेलं, त्यापुढे तो अर्थ कुणाच्या मनातही येत नाही.

आणि नकुशी. आपल्या साताऱ्याचीच गोष्ट आहे. लागोपाठ मुली झाल्या की शेवटचीला नकुशी, नकोशी म्हणायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. धोंडूला दगड म्हणणारी आई त्याला जगवायला बघत होती. नकुशीला नकुशी म्हणणाऱ्यांच्या मनात तेच होतं जे तोंडात होतं. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात अशा 285 मुलींचा नाव बदलण्याचा कार्यक्रम झाला. मुली ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या, त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. त्यांतल्या कितीतरी जणी चांगल्या कळत्या वयाच्या होत्या. म्हणजे तोवर वर्गात, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, कुणीही हाक मारली की 'तू आम्हाला नको होतीस' हेच त्यांच्या कानावर पडलेलं. आपल्याकडेच होतं असंही नाही. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. बंगालात आन्नाकाली, म्हणजे काली माते, आता आणखी नको. देशाच्या चारी कोपऱ्यांत मुलींच्या कपाळी हेच लिहिलंय.

तुझ्या सासूबाई वाईट नाहीत. थोरलीचं तेल-न्हाण त्यांनी स्वतः केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना तो विनोद वाटतो, कारण त्यांच्या लहानपणी आजूबाजूला तो तसाच चालायचा. पण तू हसून सोडून देऊ नकोस. भांडूही नकोस. दुपारी त्या निवांत असतील तेव्हा जवळ बसून त्यांना विचार, तुमचं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं? म्हाताऱ्या बायकांना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेला नसतो. माहेरचं एक नाव, तांदळात लिहिलेलं सासरचं दुसरं, त्यातलं कुठलं त्यांना आपलं वाटतं तेही विचार. त्यांचं बोलून झाल्यावर स्पष्ट सांग, आई, हे नाव थट्टेतसुद्धा नको, थोरली ऐकते. ती पाच वर्षांची आहे, तिला बेरीज येते. बहीण 'पुरे' असेल तर आपण कोण, हा हिशेब ती मनात करणारच. आणि 'तृप्ती' ठेवू म्हणाल्या तर आधी मनातलं विचार. तृप्ती फार सुरेख नाव आहे. पण मुलींनी पोट भरलं म्हणून तृप्ती ठेवलेली पोर मोठी झाली की तिला ते कळतंच, कुणीतरी आत्या-मावशी सांगतेच. मुलगा होईल की मुलगी हे आपल्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण मुलीचं नाव आधी ठरव, सगळ्यांना सांगून टाक. हौसेनं ठरवलेलं नाव घरात फिरायला लागलं की असल्या विनोदाला जागा उरत नाही.

परदेशाचं तू विचारलंयस ते राहिलंच. तुम्हाला जर्मनीला जायचं असेल तर 'आर्यन' नको. आपल्याला त्यात काही वाटत नाही, तिथे त्या शब्दामागे हिटलर उभा आहे. त्याच्या माणसांनी हाच शब्द वापरून लाखोंचा जीव घेतला. 'स्वस्तिका'चंही तेच. आपल्या उंबऱ्यावरचं शुभचिन्ह तिथे बघणाऱ्याला वेगळंच काही आठवून देतं, आणि त्यांचंही चुकत नाही. 'हर्षित', 'अक्षित' इंग्रजीत लिहून बघ, शेवटची चार अक्षरं तिकडे शिवी आहे. देशातल्या देशातही जरा विचारावं. 'मायरा'च्या जवळचा एक शब्द केरळात फार अश्लील आहे. तुझ्या ऑफिसात मल्याळी मैत्रीण आहे ना, तिला एकटीला गाठून विचार, ती तोंडावर पदर घेईल. जगातल्या सगळ्या भाषा तपासून नाव ठेवता येत नाही. जिथे लेकरू राहणार, शिकणार, तिथल्या दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसांना विचारलं की झालं.

घाई कुणी करत असेल तर त्यांना सांग, कायद्यानं घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांपर्यंत नाव बिनपैशांत घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. बाराव्या दिवशी बारसं थाटात करा, तुझ्या नणंदेला कानात 'कुर्रर्र' करू दे, पाळणा म्हणू दे. दाखल्यावरचं नाव महिनाभर तोंडात घोळवून मग घाला. पुढे बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं आणि मग आधार, शाळेचं जनरल रजिस्टर, बँक, एकेक खेटा. ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच लागतो, म्हणून स्पेलिंगसुद्धा पहिल्यांदाच नीट व्हायला हवं. माझ्याकडे दरवर्षी चार-दोन पालक दाखल्यात एक आणि आधारवर दुसरं असं नाव घेऊन येतात, आणि जूनचा सगळा महिना त्यांचा त्यातच जातो.

तर आता यादीतली सात-आठ ठेव, बाकीची खोड. त्यांतली दोन थोरलीला निवडू दे, ताई म्हणून तिचाही हक्क आहे. महापालिकेत नवऱ्याला एकट्याला पाठवशील तर चारही शब्द मराठीत आणि इंग्रजीत स्वच्छ लिहून दे, आणि तो कागद आधी मला फोटो काढून पाठव. हजेरी घेतल्यासारखं एकदा मोठ्यानं वाचते.